नाशिकरोड प्रांती मनालीबाईंस वाचते केले त्याची हकीकत

आरंभी त्रिरत्नांस वंदन करोन, वडीलधाऱ्यांची आज्ञा मस्तकी धरोन, आणि शेजारपाजाऱ्यांकडे पडताळा घेऊन ही हकीकत लिहिली आहे. पूर्वी तख्ते जाहली, दौलती जाहल्या, त्यांच्या पदरी लिहिणारे होते. त्यांनी घोडे किती, हत्ती किती, कोण कोणत्या बुरुजावरून पडला, हे सारे लिहून ठेविले. ज्यांचे पदरी लिहिणारा नव्हता त्यांच्या मोहिमा कोणी लिहिल्या नाहीत, आणि मोहिमा तर घरोघर होतच होत्या. सबब नाशिकरोड प्रांती, सुगत कॉलनी मुक्कामी, दुसरीतल्या एका मुलीस वाचते करण्याची जी मोहीम जाहली, तीत पराक्रम कोणी केला, घोळ कोणी घातला, आणि ही दोन्ही कामे त्याच त्याच माणसांनी कशी पार पाडली, ते येथे नमूद केले आहे. वाचणारास हसू आल्यास हसावे. परंतु ज्याचे घरी दुसरीतले मूल आहे त्याने जरा जपून हसावे.

सुगत कॉलनीत राजश्री सुनीलराव नामे कारकून राहात. सरकारी कचेरीत आवक-जावक पाहण्याची चाकरी, अक्षर वळणदार, स्वभाव शिस्तीचा, आणि कोणतेही काम अंगावर आले की आधी त्याची फाइल करावी व मग काम करावे, असा त्यांचा रिवाज. त्यांचे कुटुंब सरिताबाई खाजगी इस्पितळात परिचारिका. त्यांच्या पाळ्या आज सकाळी तर उद्या दुपारी, म्हणोन घरातील बहुतेक राजकारण त्यांच्या माघारी होई आणि निकाल मात्र त्या आल्यावर लागे. मातुश्री वत्सलाबाई निफाड तालुक्यातल्या. उभे आयुष्य द्राक्षबागांत काढलेल्या, आवाज खडा, आणि पाठांतर असे की एकदा कानावर पडले ते पुन्हा उतरले नाही. आणि या घरची एकुलती कन्या मनालीबाई, बोलण्यात कोणास हार न जाणारी.

आता या घराण्याचा, किंबहुना अवघ्या कॉलनीचा, एक गुण सांगणे जरूर आहे, कारण पुढील सारा घोळ त्या गुणापासूनच निपजला. तो गुण पाठांतराचा. वंदना लहानथोरांस मुखोद्गत. वर्षावासाचे दिवस आले म्हणजे विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले, आणि तोच ग्रंथ वर्षानुवर्षे ऐकून मंडळींस इतका ठाऊक जाहला होता की वाचणारा चष्मा पुसावयास थांबला तरी पुढील वाक्य सभागृहच पुरे करी. कोणी अडखळला की त्यास शब्द पुरवायचा, यास तेथे आगाऊपणा कोणी म्हणत नसे. तहानेल्यास पाणी द्यावे तसा अडल्यास शब्द द्यावा, आणि जो आधी देईल त्याचे कौतुक अधिक. या कामी वत्सलाबाई बिनीला असत. समोरच्याच्या ओठांवर शब्द येतो न येतो तोच त्या तो काढून त्याच्या हाती ठेवीत.

ऐसे असता एके दिवशी शाळेतील बाई, आशा मॅडम, यांनी सुनीलरावांस बोलावणे धाडिले. मॅडमांनी आवाज न चढविता सांगितले, की मनाली कविता म्हणते, गोष्टी सांगते, वर्गाला हसवते. पण नवे पान पुढे ठेविले की गप्प होते. अक्षरे ओळखते, पण ती जोडून शब्द होत नाही, आणि आजवर सारे तोंडपाठ होते म्हणोन कोणाच्या ध्यानी आले नाही. सुनीलराव हे ऐकून बहुत हवालदिल जाहले. त्यात भर अशी की यंदा वर्षावासाच्या समारोपास विहारात मुलांनी एकेक गोष्ट वाचून दाखवावी असे ठरले होते, आणि वत्सलाबाईंनी नातीचे नाव सर्वांआधी देऊन, तीच पहिली वाचील असे कॉलनीभर जाहीरही केले होते.

परंतु सुनीलरावांस खरा घाव लागला तो परतीच्या वाटेवर. मनालीबाई स्कूटीवर पुढे उभ्या होत्या. बिटको चौकात सिग्नल लागला, आणि त्यांनी मागे न पाहता विचारिले, "पप्पा, ढ म्हणजे मी का?" सिग्नल सुटला, मागचे वाहन ओरडू लागले, आणि तो प्रश्न तसाच घरापर्यंत आला. पोरीच्या मनातून हे काढावयाचे, मग पुढे काय होईल ते होवो, असा त्यांनी तेव्हाच निश्चय केला. मोहीम खरी तेथे सुरू जाहली.

त्याच सायंकाळी आशा मॅडमांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एक दुवा धाडिला. मजकूर असा, की हे संकेतस्थळ मोफत आहे, यात वाचावयास गोष्टी आहेत, शब्द जुळविण्याचे खेळ आहेत, मुलांनी स्वतः गोष्ट रचावी अशी सोयही आहे. मात्र आधी 'पालकांसाठी' हे पान जरूर वाचावे. सुनीलरावांनी तत्काळ अंगठ्याचे आणि जोडल्या हातांचे चिन्ह रवाना केले, आणि पान वाचले नाही. इतर पालकांचेही अंगठे एकामागोमाग उमटले, आणि त्यांतीलही कोणी पान वाचले नाही. वाचावयाचे ते मुलांनी, आपण केवळ वाचवून घ्यावयाचे, असा त्या प्रांती समज होता.

मग घरात खलबत जाहले. वत्सलाबाईंस मूळ मुद्दाच पसंत पडेना. त्या म्हणाल्या, "फुकाट देतंय म्हंजे त्यात काय तरी खोट असंल. आपल्याला वांगी कोन फुकाट देतंय का?" यावर सरिताबाई, ज्या पाळीवर निघाल्या होत्या, पायात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "आई, पोलिओचा डोससुद्धा फुकटच होता. मनालीला दिलाच ना?" वत्सलाबाईंनी यावर काही उत्तर केले नाही, आणि त्यांनी उत्तर केले नाही म्हणजे मंजुरी, असे समजोन सुनीलरावांनी संकेतस्थळ उघडले.

आत पाहतात तो दौलतखानाच. गोष्टी पायरीपायरीने लाविलेल्या, सोप्या खाली, अवघड वर. प्रत्येक पानावर चित्र, चित्राखाली ओळ, आणि कोपऱ्यात कर्ण्याचे चिन्ह. ते दाबिले की एक गोड आवाजाची बाई ती ओळ वाचून दाखवी. खेळात अक्षरे आभाळातून पडत, ती टोपलीत झेलून शब्द करावा. आणि एके ठिकाणी कोरे पान, त्यावर हवी ती चित्रे ठेवून आपली गोष्ट लिहावी. हे वैभव पाहून सुनीलरावांतील कारकून जागा जाहला. एवढा ऐवज आज आहे, उद्या काढून घेतला तर काय, म्हणोन त्यांनी उतरवून घेण्याचा धडाका लाविला, आणि अक्षरे गिरविण्याचे व शब्द लिहिण्याचे जितके कागद तेथे होते तितके छापवून घेतले. मग कागद म्हटला की तो फाटतो, चहा सांडतो, पोर चुरगाळते, ही दूरदृष्टी ठेवून त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून एकूण एक कागदास लॅमिनेशन करविले आणि विजयी मुद्रेने गठ्ठा घरी आणिला.

मनालीबाई पेन्सिल घेऊन बसल्या, तो प्लास्टिकवर पेन्सिल उमटेना. पेनाने लिहिले, तर शाई पसरून हात निळे जाहले. सुनीलरावांनी गठ्ठा परत घेतला आणि तो लोखंडी कपाटात, घराच्या कागदपत्रांशेजारी ठेविला. तेथे तो आजही अत्यंत सुस्थितीत आहे.

मग अक्षरे झेलण्याच्या खेळाची लढाई मांडली. मनालीबाई फोन हाती घेऊन मध्यभागी, डावीकडे सुनीलराव, उजवीकडे मातुश्री, ऐसा व्यूह. पडद्यावर अक्षर दिसो न दिसो, मनालीबाईंनी ओठ उघडले की दोन्ही बाजूंनी शब्दांचा मारा होई. त्यांनी "क" म्हणावे तो वत्सलाबाई म्हणत, "कमळ गं, कमळ," आणि बोट पुढे घालून अक्षर स्वतःच झेलीत. त्यात कॉलनीच्या भिंती पातळ. पलीकडच्या घरातील पुतळाबाई, ज्यांचे कान वयोमानाने अधिकच तीक्ष्ण जाहले होते, त्या भाकरी थापता थापता भिंतीतून कुमक पाठवीत, "कमळ नाय, कणीस असंल बघ!" येणेप्रमाणे आठवडाभर मारामारी चालली, आणि खेळात गुणांचा उच्चांक जाहला. तो वत्सलाबाईंच्या नावे.

मनालीबाईंनी मात्र यातून स्वतःपुरती वाट काढली. मोठी माणसे कामात गुंतली की त्या एका कोपऱ्यात बसत, 'अस्वलाची छत्री' नामे गोष्ट उघडीत, आणि कर्णा दाबीत. पुन्हा दाबीत. पुन्हा दाबीत. आणि एके दिवशी त्यांनी बापासमोर बसून ती गोष्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हटली, पाने वेळेवर उलटली, अस्वलाचा आवाज जाड काढला आणि छत्री उडाली तेथे हातही उडविले. सुनीलरावांस आनंद मावेना. वत्सलाबाईंनी तर त्याच पावली दार उघडून कॉलनीत वर्दी दिली, की पोरगी वाचायला लागली, रविवारी समद्यांनी ऐकायला या.

रविवारी दिवाणखाना भरला. पोहे जाहले, शेवेचा डबा फिरला, पुतळाबाई अगदी जवळची जागा धरोन बसल्या. मनालीबाई खुर्चीवर चढल्या आणि फोन पुढे धरोन वाचू लागल्या. मंडळी तल्लीन जाहली. सुनीलराव मागे भिंतीशी उभे होते. अस्वल नदीकाठी पोहोचले आणि फोनचा पडदा मंद जाहला. वारा सुटला आणि पडदा काळा ठिक्कर जाहला. आणि वाचन चालूच राहिले. छत्री उडाली, अस्वल भिजले, अस्वल रडले, आणि सारे काळ्या पडद्यावरून, एक काना न चुकता.

सुनीलरावांनी ते पाहिले. पुतळाबाईंनीही पाहिले आणि त्यांचा पोह्यांचा घास हातात राहिला. केवळ वत्सलाबाईंनी अभिमानाने चहूकडे पाहोन म्हटले, "बघा, फोन बंद पडला तरी वाचती. एवढी हुशार हाय." मनालीबाईंचे लक्ष तेव्हा पडद्याकडे गेले. त्या थांबल्या, फोन मांडीवर उलटा ठेविला, आणि हळूच म्हणाल्या, "मला वाचता नाही येत. मला फक्त गोष्ट येते." मग खुर्चीवरून उतरून आतल्या खोलीत गेल्या. मंडळी कामाची आठवण काढून एकेक निघाली, आणि पुतळाबाईंनी जाता जाता बशा उचलून मोरीत ठेविल्या.

हा पराभव मोठा. पुढे मनालीबाई फोनास हात लावीनात. त्याहून वाईट असे की त्या गोष्टीही सांगेनात. पूर्वी शाळेतून येता येता जिन्यापासूनच त्यांची कथा सुरू होई, वर्गात साप आला, साप नव्हता तो पट्टा होता, पण पट्टा हलत होता. आता दप्तर ठेवीत आणि टीव्ही लावीत. वत्सलाबाई दोन वेळा जवळ जाऊन बसल्या आणि तशाच उठल्या. सुनीलराव कचेरीत आवक जावकात आणि जावक आवकेत लिहू लागले. पोरीस ढ हे नाव शाळेने दिले नव्हते, ते आपणच घरी पोहे करून दिले, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि ते खोटेही नव्हते.

सरिताबाई त्या रविवारी पाळीवर होत्या. त्यांस सारे वर्तमान कळले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याचा फोन मागितला, आशा मॅडमांचा दुवा उघडला, आणि 'पालकांसाठी' हे पान काढून, नवरा व सासू यांस पुढे बसवून, इस्पितळातून घरी सोडताना रुग्णाच्या माणसांस औषधाच्या वेळा समजावाव्या तसे ते वाचून दाखविले. मजकूर फार नव्हता. मूल अडखळले तर थांबा, शब्द सांगू नका, त्यास वेळ द्या. कर्णा आधी दाबू नका. मुलाने आधी स्वतः वाचून पाहावे, मग ऐकावे. आणि मुलाने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहून द्या, सुधारू नका, आणि तीच त्यास वाचावयास द्या. सुनीलरावांचा चेहरा असा जाहला, की हरवलेली फाइल आपल्याच टेबलावर सापडावी.

मग सरिताबाईंचा हुकूम सुटला. "आजपासून पोर अडकलं की या घरात कुणी बोलायचं नाही. आई, तुम्ही पण. आणि अहो, तुम्ही तर अजिबात नाही." वत्सलाबाईंनी हा हुकूम मानला नाही. त्या म्हणाल्या, "पोर अडलंय आन् म्या नुसती बघत बसू? म्या काय दगड हाय का?" सरिताबाई म्हणाल्या, "दगड नका होऊ. नुसत्या थांबा." वत्सलाबाई म्हणाल्या, की थांबणे हे काही काम नव्हे. सरिताबाई म्हणाल्या, की करून पाहा. येथे तह जाहला.

परंतु मनालीबाई बोलतील तेव्हा ना गप्प बसावयाचे. म्हणोन सुनीलरावांनी एक तजवीज केली, आणि खरे लिहावयाचे तर ती तजवीज नव्हती, त्यांस दुसरे काही सुचेना म्हणोन केली. टीव्ही चालू असता ते पोरीच्या बाजूस बसले, गोष्ट रचावयाचे कोरे पान उघडले, त्यावर एक शेळी ठेविली, एक बस ठेविली, आणि खाली लिहिले, की एक शेळी शाळेत जाते. मग पुढे काय ते सुचेना, म्हणोन तसेच बसून राहिले. मनालीबाई टीव्हीकडेच पाहात होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारिले, की फोनवर काय करताय. सुनीलरावांनी लिहिलेले वाचून दाखविले. मनालीबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाल्या, "शेळी शाळेत कशाला जाईल पप्पा? तिला येवल्याला जायचंय."

सुनीलरावांनी काही न बोलता पहिली ओळ पुसली. मग मनालीबाई सांगत गेल्या आणि ते लिहीत गेले. त्यांचे बोट दोन-तीन वेळा 'सदर शेळी' असे लिहावयास धावले, पण त्यांनी ते आवरले. येवल्यास कशाला, तर पैठणी बघायला. शेळीस पैठणी कशाला, असे ओठांवर आले होते तेही त्यांनी गिळले. गोष्ट लिहून जाहली आणि फोन मनालीबाईंच्या हाती दिला, तेव्हा त्या पडद्याकडे बराच वेळ पाहात राहिल्या. आपण बोललो ते असे दिसते, हे त्यांस नवे होते. मग बोट ठेवून त्या म्हणाल्या, "शे… ळी." सुनीलरावांनी दात आवळून धरिले. "शेळी," मनालीबाई म्हणाल्या, आणि पुढच्या शब्दावर गेल्या.

तेथून रोज संध्याकाळी हे चालले. मनालीबाई अडखळत तेव्हा घरात जी अवस्था होई ती सांगता पुरवत नाही. वत्सलाबाई पदराचा बोळा तोंडात धरीत, आणि तेही न निभले तर गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे पुन्हा पिळीत. एकदा मनालीबाई 'पैठणी' या शब्दावर थांबल्या आणि भिंतीपलीकडून स्पष्ट आवाज आला, "पैठणी गं!" तेव्हा सुनीलराव स्वतः जाऊन पुतळाबाईंस भेटले आणि त्यांनी सारी हकीकत हात जोडून सांगितली. पुतळाबाईंनी गप्प राहावयाचे कबूल केले. मात्र शेळी शेवटी पोहोचली का, हे रोजच्या रोज कळवावे, अशी शर्त घातली. ती मान्य करण्यात आली.

यात एक नवाच पेच उभा राहिला. मनालीबाई रोज गोष्ट बदलीत. सोमवारी शेळीस खिडकीची जागा मिळे, मंगळवारी ड्रायव्हर तिला मांडीवर घेई, बुधवारी एक म्हातारी आपली पिशवी उचलून जागा करी. वत्सलाबाई जी गोष्ट ऐकत ती तशीच खाली जाऊन सांगत, त्यामुळे कॉलनीत शेळीविषयी नाना मते पसरली. परंतु यात लाभ असा जाहला की गोष्टीची रूपे इतकी जाहली की ती पाठ करणे मनालीबाईंसही शक्य राहिले नाही. आज पडद्यावर काय आहे ते पडद्यासच विचारावे लागे, आणि त्या विचारू लागल्या.

समारोपाचा दिवस उजाडला. विहारात खिरीचा वास सुटला होता, पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे यांनी सभागृह भरले होते. सुनीलरावांनी गोष्ट साध्या कागदावर छापून आणिली होती. छापण्याआधी, आदल्या दिवशी, मनालीबाईंनी पुन्हा ती बदलली होती, आणि यावेळची गोष्ट त्यांनी आजीसही सांगितली नव्हती. सरिताबाईंनी निघण्यापूर्वी कॉलनीतील मुख्य मुख्य मंडळींस एकेकटे गाठून हुकूम बजावला होता, की पोरगी अडकली तर कृपा करून कोणी काही सांगू नये. मंडळींनी माना डोलाविल्या. परंतु वर्षानुवर्षांची सवय ती, तिचा भरवसा कोण देणार.

मनालीबाईंचे नाव पुकारले. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या, कागदावर बोट ठेविले आणि सुरू जाहल्या. एक शेळी होती. तिला येवल्याला जायचं होतं. तिला पैठणी बघायची होती. आवाज बारीक, पण एकेक शब्द वेगळा, आणि बोट व ओठ एकत्र चाललेले. ती बसमध्ये चढली. मग बोट पुढच्या शब्दावर गेले, आणि थांबले.

"कं…" मनालीबाई म्हणाल्या. आणि पुढे काही नाही.

सभागृहात जे जाहले ते असे. पहिल्या रांगेतील एका काकांनी श्वास घेतला आणि तसाच धरोन ठेविला. कोणाच्या मते तेथे ड्रायव्हर हवा होता, कोणाच्या मते म्हातारी, आणि ज्यांचे ज्यांचे उत्तर तयार होते त्यांचे त्यांचे गळे फुगले. पुतळाबाईंनी दोन्ही हात तोंडावर दाबिले. मागे कोणाचे तान्हे रडू लागले, तर त्याच्या आईने त्यास बाहेर नेले. वत्सलाबाई अगदी पुढे बसल्या होत्या. त्यांचे ओठ उघडले. त्यांनी ते मिटले. पुन्हा उघडले, आणि जीभ दातांखाली धरोन ठेविली.

सुनीलराव दाराशी उभे होते. प्रथम त्यांच्या मनी आले, की संपले, पोरगी त्या रविवारसारखी पुन्हा निघून जाणार. मग त्यांस एक गोष्ट सुचली आणि ते आतून हलले. अस्वलाच्या वेळी ती कोठेही अडकली नव्हती. ज्यास पाठ असते तो अडकत नाही. ही अडकली आहे, म्हणजे ही वाचते आहे. हे कळल्यावर त्यांस शब्द पुरवावासा वाटेना, केवळ रडू येऊ लागले, आणि ते कोणी पाहू नये म्हणोन त्यांनी खिशातील रुमाल काढून कपाळ पुसले. सरिताबाई मुलीकडे पाहात नव्हत्या. त्या सासूकडे पाहात होत्या.

पंखा फिरत होता. अवघे सभागृह, ज्याने आजवर कोणास अडू दिले नाही, ते एका पोरीस अडलेली पाहात बसले होते आणि हूं की चूं करीत नव्हते. मनालीबाईंनी मान खाली घातली, नाक कागदाशी नेले. "कं… ड…" बोट किंचित सरकले. "कंड… क्… टर." त्या थांबल्या, आपण काय बोललो ते स्वतःच ऐकले, आणि मान वर केली. "कंडक्टर! कंडक्टर म्हणाला, शेळीला जागा नाही."

सभागृहाने जो श्वास सोडला त्याने समोरच्या मेणबत्त्या हलल्या. परंतु मनालीबाई कोणासाठी थांबल्या नाहीत. शेळी म्हणाली, मी उभी राहते. शेळी येवल्यापर्यंत उभी राहिली. तिने येवला येईपर्यंत तिकीट खाल्लं नाही. मग खाल्लं. एवढे वाचून त्यांनी कागदाची घडी घातली आणि मंडळी हसत असता, टाळ्या वाजत असता, त्या थेट आजीपाशी गेल्या. म्हणाल्या, "आजी, तू सांगितलं नाहीस." वत्सलाबाईंच्या डोळ्यांस धार लागली होती. त्या म्हणाल्या, "लय जीवावर आलं गं माझ्या बाये. द्राक्षाच्या पाट्या उचलल्या उन्हातान्हात, पर एवढं जड काय उचललं नाय."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. काबीज केले ते, गोष्ट एक, तीत जोडाक्षराचा बळकट शब्द एक. खर्ची पडले ते, लॅमिनेशन सुमार नाही. जखमी, मातुश्री वत्सलाबाईंची जीभ, स्वतःच्याच दातांखाली. खीर गार करून देण्यात आली. बाकी कोणास इजा नाही. आशा मॅडमांस त्याच सायंकाळी जोडल्या हातांचे चिन्ह रवाना केले, आणि या खेपेस त्याबरोबर चार ओळीही लिहिल्या. मनालीबाईंनी तो शब्द आपला आपण वाचला, कोणी पुरविला नाही, याविषयी पुढे कोणास शंका आल्यास सुगत कॉलनीतील सर्व मंडळी साक्षीस हजर आहेत. विचारल्यास सांगतील. न विचारल्यासही सांगतील.